नवरीची नोंद आधी घ्या

बिडकीनच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईच्या पोटाशी ओटी बांधलेली असते. दुपारपर्यंत ती कापसाने टम्म फुगते. हात उघडेच, त्याच हातांनी बांधावर बसून भाकरी-ठेचा खायचा. फवारणी कधी झाली, औषध कोणतं मारलं, हे रोजाने आलेल्या बाईला कुणी सांगत नाही. घरी गेल्यावर त्याच कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत जातात. अशा बायांतली एखादी महिना-दीड महिन्याची गरोदर असते आणि तिला स्वतःलाही ते पक्कं ठाऊक नसतं.

माझं म्हणणं या दिवसांबद्दल आहे. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. फोलिक ॲसिडची गोळी पोटात हवी ती तेव्हा आणि त्याच्याही आधी. अंगणवाडीच्या वहीत नाव चढेपर्यंत ही वेळ बहुधा निघून गेलेली असते. डोहाळजेवण तर सातव्या महिन्यात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयांचा अभ्यास केला. बाळं सरासरी 2.7 किलोंची. आई एकूण किती जेवली, यावर बाळाचा आकार ठरत नव्हता. तिच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध किती वेळा आलं, याच्याशी तो जुळत होता. भाकरीने पोट भरलं की सून नीट जेवली, असं आपण धरून चालतो! पुढे मुंबईच्या वस्त्यांत याच पदार्थांचा खाऊ बायकांना दिवस राहण्याआधीपासून दिला गेला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर वजनात ठळक फरक नव्हता. पण ज्यांनी गरोदरपणाच्या किमान 3 महिने आधी तो सुरू केला, त्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅमनी जड भरली. मुंबईतल्याच आणखी एका अभ्यासात, 2004 साली, मिश्री किंवा तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं 105 ग्रॅमनी हलकी आढळली. मिश्री आपल्याकडे सासू-सुना एकाच डबीतून लावतात.

धुराचंही तेच. भारतासह (इथे तमिळनाडूत) चार देशांत सुमारे 3,200 गरोदर बायकांची पाहणी झाली. निम्म्या घरांना गॅस दिला. धूर पुष्कळ घटला, बाळांचं वजन मात्र वाढलं नाही, असा निकाल 2022 मध्ये आला. म्हणून गॅस निरुपयोगी ठरत नाही. तो घरात आला तेव्हा गर्भ दोन ते पाच महिन्यांचा होता आणि आईच्या छातीत कित्येक वर्षांचा धूर होता. मी तरी या निकालाचा अर्थ असाच लावतो.

चुलीच्या धुरात आता कारखान्यांची भर पडेल. ऑरिक या औद्योगिक शहराच्या बिडकीन वसाहतीचं लोकार्पण 29 सप्टेंबर 2024 रोजी झालं. कारखाने पूर्ण क्षमतेने सुरू होण्याआधीच इथल्या हवेची आणि विहिरींच्या पाण्याची मोजणी करून आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. नंतर तुलना कशाशी करणार?

आशाताईंकडे जननक्षम जोडप्यांची यादी असतेच, कुटुंब नियोजनासाठी. त्याच यादीतल्या नव्या नवरीचं हिमोग्लोबिन तपासा, फोलिक ॲसिड सुरू करा, दूध-अंडी द्या. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा पहिला हप्ता गरोदरपणाच्या नोंदणीनंतर मिळतो, तो लग्नानंतर लगेच मिळावा. शेतमालकाने फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव मजूर बायांना आदल्या दिवशी सांगावं. त्याला पैसाही लागत नाही. बिडकीनच्या ग्रामसभेने येत्या हंगामाआधी एवढा ठराव करावा.