कुठलं मालेगाव?

ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्या चहाला दोन प्रश्न ठरलेले असतात. आधी कुठे होतास आणि मूळ गाव कुठलं? कोल्हापूरकर, नागपूरकर एका शब्दात सुटतात. मी मात्र 'मालेगाव' म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, "अच्छा, नाशिकजवळचं!" मी सांगतो, "नाही, वाशिम जिल्ह्यातलं." मग पुढचा प्रश्न हमखास येतो, "आणि वाशिम नक्की कुठे आलं?"

तर मंडळी, आधी थोडा भूगोल. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा विदर्भातला जिल्हा. तालुके सहा: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. आता ही यादी जरा पुन्हा वाचा. मालेगाव नाशिक जिल्ह्यातही आहे. कारंजा वर्धा जिल्ह्यात आहे आणि तिकडे उरणला समुद्रकाठीही आहे. मंगरूळ नावाची गावं तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच आहेत. एवढ्यावर भागत नाही. आमच्या मालेगाव तालुक्यात अंतरिक्ष पार्श्वनाथाचं शिरपूर आहे आणि धुळे जिल्ह्यात दुसरं शिरपूर. थोडक्यात, आमचा जिल्हा म्हणजे डबल रोलवाल्यांचं संमेलन!

हा प्रॉब्लेम काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. लंडन कॅनडात आहे, पॅरिस टेक्सासमध्ये आहे आणि न्यूयॉर्क राज्यात चक्क एक बॉम्बे आहे. २००२ मध्ये एक ब्रिटिश जोडपं ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणून निघालं आणि कॅनडातल्या सिडनीत जाऊन उतरलं. जगाला एक आठवडा पुरेल एवढा जोक मिळाला.

आपल्याकडच्या लोकांनी यावर फार पूर्वीच उपाय काढला होता. त्यांनी गावांना आडनावं दिली. आमच्याकडचं ते कारंजा लाड, वर्ध्याकडचं कारंजा घाडगे. अमरावतीत मंगरूळ दस्तगीर आणि मंगरूळ चव्हाळा, आमच्याकडे मंगरूळपीर. यातले 'पीर' म्हणजे तिथल्या दर्ग्याचे दादा हयात कलंदर. त्याच गावात बिरबलनाथ महाराजांचं मंदिर आहे, म्हणून कुणी मंगरूळनाथही म्हणतं. एकाच गावाला दोन आडनावं, आणि गाव दोन्हींना ओ देतं. दोन गावं शेजारी असली की मोठं ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द, हे शब्द मुळात फारसीतून आलेले. आणि माझं फेव्हरेट म्हणजे धामणगाव रेल्वे. गाडी आली, स्टेशन झालं आणि आडनावाचाही प्रश्न मिटला. माझं गाव कागदोपत्री 'मालेगाव जहांगीर' आहे. ऑफिसात हे सांगितलं की सगळ्यांना मोगल बादशहा आठवतो. इथे संबंध जहागिरीशी आहे, बॉस.

खरी गंमत पुढे आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात खंडोबाच्या यात्रेचं एक गाव आहे, जिथे घोड्यांचा आणि गाढवांचा मोठा बाजार भरतो. बारामतीजवळ साखर कारखान्याचं एक गाव आहे. ही दोन्ही माळेगावं, 'ळ' वाली. मराठीत एका अक्षरात फरक कळतो. पण तेच रोमन लिपीत टाइप केलं की चारही गावांचं एकच स्पेलिंग होतं. म्हणजे आपल्या अक्षरांनी वेगळी ठेवलेली गावं की-बोर्डने पुन्हा एकत्र आणली!

या घोळावरचं सरकारी उत्तर म्हणजे पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्यामागे डोकं होतं एका मराठी माणसाचं, श्रीराम भिकाजी वेलणकरांचं. टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि संस्कृतचे कवी, असं हे भन्नाट कॉम्बिनेशन. देशात इतक्या भाषा, इतक्या लिप्या, त्यात एकाच नावाची ढीगभर गावं. पत्राने जायचं तरी कुठे? सहा आकड्यांनी ते सोपं केलं. नाशिककडच्या मालेगावचा पिन ४२३२०३, आमचा ४४४५०३. पहिला आकडा चार, तो दोघांचा एकच, कारण महाराष्ट्र एकाच विभागात येतो. दुसऱ्या आकड्याला आमची वाट विदर्भाकडे वळते.

अर्थात पिन वाचला तर. गेल्या वर्षी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा चष्मा मी पुण्यात करून घेतला आणि कुरिअरने गावी पाठवला. पत्ता, तालुका, जिल्हा, पिन सगळं ठळक अक्षरात. काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरवर गावाचं नाव टाकलं, यादीतलं पहिलं मालेगाव निवडलं आणि विषय संपवला. तीन दिवसांनी ट्रॅकिंग म्हणतंय, पार्सल मालेगावला पोचलं. घरी फोन केला तर आई म्हणते, "अरे बावा, इथं तं काहीच नाही आलं." दोघंही खरं बोलत होते! बाबा दुकानाची वही डोळ्यांपासून हातभर लांब धरून बसलेले आणि आई त्यांना उधारीचे आकडे मोठ्याने वाचून दाखवतेय. आठ दिवस हेच.

सुटका केली ती त्या मालेगावातल्या डिलिव्हरीवाल्याने. त्याने स्वतःहून फोन केला. "भाई, आपका पार्सल इधर आया है. वाशिमवाला है ना?" म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाला, "पिन देखा. आपके गाव का माल इधर आताच रहता है. हमारा भी उधर जाता होएंगा." पार्सलवर मोठ्या अक्षरात वाशिम लिहून त्याने ते परत गाडीत चढवलं. दोन दिवसांनी बाबांच्या नाकावर चष्मा होता.

हे सांगायचं कारण असं की, २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर मालेगाव म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर एक सावली येते. पुण्यात घर शोधताना एका एजंटाने माझा आधारवरचा पत्ता दोनदा वाचला होता. तेव्हा रूममेटने सल्ला दिला, "सरळ सांगत जा, ते मालेगाव नव्हे म्हणून. नाहीतर अकोल्याजवळचा म्हण." सल्ला प्रॅक्टिकल होता, पण मला पटला नाही. 'ते नव्हे' म्हणताना मी माझी कॉलर साफ करतो आणि डाग दुसऱ्याच्या शर्टवर तसाच ठेवतो. त्या गावात लाखो लोक राहतात, यंत्रमागावर कापड विणतात. फावल्या वेळात घरच्या कॅमेऱ्यावर त्यांनी मालेगावचा 'शोले' काढला आणि नंतर त्या वेड्या लोकांवरच २०२४ मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा सिनेमा निघाला. त्यातलाच कुणीतरी एक माझ्या बाबांचा चष्मा सांभाळून परत पाठवतो. त्याच्यापासून अंतर कशाला दाखवायचं? मी 'वाशिमचं मालेगाव' म्हणतो आणि थांबतो. पत्ता सांगायला तेवढं पुरतं.

आता तर तुमची आमची भेट सोपी झालीय. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून, मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जातो. कधी लाँग वीकेंडला नागपूरकडे निघालात आणि वाटेत मालेगावची पाटी दिसली, तर रस्ता चुकला म्हणून ब्रेक मारू नका. नाशिक बरंच मागे राहिलंय, तुम्ही बरोबर चाललाय. वेळ असेल तर खाली उतरा. चहा पाजणारं कुणीतरी भेटेलच, फक्त त्याला 'कुठलं मालेगाव' एवढं विचारू नका!