पिल्लू नर की मादी? सांगणाऱ्यांनो, जरा दमानं!

आज थोडं भांडायचं आहे. नातेवाईकांपैकी कुणाला हे टोचलं तर टोचू दे, पण शेवटपर्यंत वाचा.

राजारामपुरीत आता बंगले जाऊन अपार्टमेंटा आल्या. आमचं घर मात्र अजून जुनंच आहे. मागे हातभर परसू, त्यात एक शेवगा आणि शेवग्याखाली खुराडं. यंदा आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणून तिला अकरा अंड्यांवर रवणाला बसवली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली आणि घरात तज्ज्ञांची रीघ लागली!

दूधवाले मामा म्हणाले, "बाई, पिल्लू उताणं धरायचं. पाय झाडलं की कोंबडा, गप ऱ्हायलं की तलंग." आमच्या वन्सं तर पिल्लं निघायच्या आधीच अंड्यांवर दोऱ्याला बांधलेली सोन्याची अंगठी धरून बसल्या होत्या. अंगठी गोल फिरली तर मादी, सरळ झुलली तर नर. पिल्लं निघाल्यावर त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. आणि दोघांच्याही बोलण्यात 'बहुतेक' हा शब्द नाही. "शंभर टक्के!"

मी पडले मास्तरीण. मी प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा सैलसर बांधला, पाय जाड होतील तसा बदलत गेले, आणि दोघांची उत्तरं वहीत लिहून ठेवली. तिसरा विद्यार्थी म्हणून मी स्वतः. मी प्रत्येक पिल्लासाठी नाणं उडवलं. छापा कोंबडा, काटा तलंग.

तीन महिन्यांनी निकाल लागला. पाच कोंबडे, चार तलंगा. मामा नऊपैकी चार बरोबर, वन्सं पाच बरोबर. आणि माझं नाणं? तेही पाच!

आता कुणी म्हणेल, नऊ पिल्लांवर काय सिद्ध होतं? काहीच नाही, कबूल. पण निम्मी उत्तरं बरोबर यायला विद्या लागत नाही, एवढं तरी कळतं. बरोबर आलेलं आपण गावभर सांगतो आणि चुकलेलं विसरतो. म्हणून या समजुती मरत नाहीत. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो म्हणतात, तेही त्याच माळेतलं. अंड्याच्या आकारावरून नर-मादी सांगण्याचा मोह तर अ‍ॅरिस्टॉटललाही आवरला नव्हता. मोठ्या माणसाने म्हटलं म्हणून चूक बरोबर होत नाही.

"अहो, पण हॅचरीत पहिल्याच दिवशी ओळखतात की!" ओळखतात. जपानमध्ये १९२० च्या दशकात मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पिल्लाच्या गुदद्वाराच्या आत एक बारीकसा उंचवटा बघून नर ओळखता येतो. ते शिकायला फार सराव लागतो. तयार झालेला माणूस तासाला हजारभर पिल्लं निवडतो, पण अडाण्याने दाबून बघितलं तर पिल्लू जायबंदी होतं. दुसरी रीत पंखांच्या पिसांवरून ओळखण्याची. ती चालते फक्त ठरावीक संकरात, जिथे आई सावकाश पिसं येणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा असतो. तिथे एक-दोन दिवसांच्या माद्यांची पिसं लांब दिसतात. आपल्या परसातल्या गावठी कोंबडीला ही खूण लागू नाही. तेव्हा दारावर डालगं घेऊन "समद्या माद्याच हाईत, गॅरंटी देतो" म्हणत दुप्पट पैसे मागणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो: कशावरून? उत्तर येत नाही, गाडी सुरू होते.

आणि त्या लाल-हिरव्या रंगवलेल्या पिल्लांचं काय? पोरं हट्ट करतात म्हणून आपण घेतो. ती बहुतेक अंड्यांच्या वाणाची नर पिल्लं. अंडी देणार नाहीत आणि मांसही धरणार नाहीत, म्हणून हॅचरीने टाकून दिलेली. जी रंगत नाहीत ती पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने हे मारणं २०२२ पासून कायद्याने बंद केलं. आपण रंग लावून विकतो.

आता मुद्द्यावर येते. त्या दिवशी आमच्या भाच्याची सून घरी आली होती. पाचवा महिना. अंड्यांवरची अंगठी तशीच हातात धरून वन्सं हसत म्हणाल्या, "ये गं, तुझंही बघू." सगळे हसले. ती हसली नाही. पदर ओढून स्वयंपाकघरात गेली. तिला पहिली मुलगी आहे.

वन्सं, तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण हे कोल्हापूर आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वात आधी, कायदा केला, तरी ही गत. शेवटी लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारं 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे यंत्र बसवावं लागलं. माझ्या वर्गात नकुसा नावाची मुलगी होती. हजेरी घेताना ते नाव रोज मला उच्चारावं लागे. तिची 'हजर बाई' अजून कानात आहे. ज्या गावात हे झालं तिथे अंगठीचा खेळ हा खेळ राहत नाही.

आणखी एक गंमत ऐका. पक्ष्यांमध्ये पिल्लू नर की मादी हे आईकडून ठरतं, अंडं घालायच्या आधीच. माणसात ते बापाकडून ठरतं. पण नुसते कोंबडे निघाले म्हणून तांबडीला कुणी घालूनपाडून बोलत नाही. बोल लागतो तो सुनेला, जिच्या हातात काहीच नसतं!

असो. कोंबड्यांचं उत्तर साधं आहे. थांबा. आठ-दहा आठवड्यांत कोंबड्याचा तुरा मोठा आणि लालभडक होतो, मानेवर आणि पाठीच्या शेवटी टोकदार चकचकीत पिसं येतात, पुढे शेपटीत कोयत्यासारखी वाकडी पिसं दिसतात. मग एके पहाटे तो स्वतःच आरवून सांगतो. तोवर दाणापाणी दोघांनाही सारखंच लागतं.

पुढच्या रवणाच्या वेळी सगळ्यांनी या. वही तयार ठेवली आहे. भाच्याच्या सुनेलाही बोलावणार आहे. वन्सं, तुम्ही नक्की या, फक्त अंगठी बोटातच राहू द्या.