वाचता न येणाऱ्यांचे बायबल

वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून पूर्ण करण्याचा संकल्प अलीकडे अनेक धर्मग्रामांत सोडला जातो. आगमनकाळ जवळ आला की दररोजच्या अध्यायांचे तक्ते हातोहात फिरू लागतात. कोणी ते छापून वाटतो, कोणी मोबाईलवर पाठवतो. रोजचा भाग वाचावा, चौकटीत खूण करावी आणि वर्षाअखेर ग्रंथ संपवल्याचे समाधान मिळवावे, अशी ही योजना आहे. तिच्यामागील तळमळीविषयी आम्हांला आदरच आहे. आमचा आक्षेप आहे तो एका गृहीतावर. घरोघर वेगवेगळे बसून जे वाचले जाते, त्याची बेरीज म्हणजे ख्रिस्तसभेचे वाचन, असे ही योजना धरून चालते. आम्हांला हे मान्य नाही. ज्या वाचनातून निरक्षर माणूस आपोआप बाहेर राहतो, ते साक्षर कुटुंबांचे वाचन असेल, ख्रिस्तसभेचे नव्हे.

प्रथम हिशेब पाहू. कॅथोलिक बायबलची पुस्तके ७३ आणि अध्याय सुमारे १,३३०. वर्षाच्या ३६५ दिवसांत ते बसवायचे तर रोज साडेतीन-चार अध्याय वाचावे लागतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय ओलांडून १ जानेवारीला निघालेला वाचक महिना संपण्याच्या आत लेवीयच्या दाराशी येऊन पोहोचतो. अर्पणे, शुद्धाशुद्ध आणि याजकांचे विधिनियम यांच्या त्या रानात बहुतेकांचे संकल्प हरवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. उरलेले नेटाने पुढे जातात, पण त्यांचे लक्ष पानापेक्षा चौकटीकडे अधिक असते.

आता हाच तक्ता घेऊन खांडबाऱ्याला जाऊ. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील, नवापूर तालुक्यातील हे गाव. गुजरातची सीमा हाकेच्या अंतरावर. घरातली बोली मावची किंवा भिलोरी, शाळेतली भाषा मराठी, मजुरीच्या गावची भाषा गुजराती. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते, आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. जे साक्षर गणले गेले, त्यांतील कितीजण मराठी बायबलचे चार अध्याय रोज समजून वाचू शकतील, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. शिवाय दिवाळी झाली की या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा एक कोयता, फडाजवळच्या पडावातले खोपटे, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंतची तोडणी व भरणी. उन्हाळा लागल्यावर ती परततात. आगमनकाळात सुरू होणारा तक्ता हातात घ्यायला ही माणसे गावात नसतातच. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली देवशब्दाचा रविवार ठरवून दिला. सामान्य काळातील तो तिसरा रविवार जानेवारीअखेरीस येतो. त्या दिवशी बायबलची मिरवणूक निघते तेव्हा पाड्यांवरची कितीतरी घरे बंद असतात.

बायबलचा जन्म मुळात अशाच माणसांसाठी झाला, हे आपण विसरलो आहोत. छापील पुस्तक घरोघर आले ते गेल्या काही शतकांत. त्यापूर्वी देवाची प्रजा शास्त्र ऐकत आली. दर सात वर्षांनी मांडवांच्या सणात नियमशास्त्र सर्वांसमक्ष वाचावे, पुरुष, स्त्रिया, मुले आणि गावात राहणारे उपरेदेखील त्या वेळी हजर असावेत, अशी आज्ञा अनुवादाच्या ३१व्या अध्यायात आहे. नहेम्याच्या ८व्या अध्यायात बंदिवासातून परतलेली प्रजा पाणीवेशीसमोरच्या चौकात जमते. एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो, आणि लेवी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ उलगडून सांगतात. ऐकताना लोक रडू लागतात, आणि मग ज्यांच्या घरी काही नाही त्यांनाही वाटा पाठवून सण साजरा होतो. एक वाचतो, काही समजावतात, सगळे ऐकतात आणि ऐकून उठलेली प्रजा आपले अन्न वाटून खाते. ख्रिस्तसभेच्या वाचनाचा याहून चांगला नमुना आम्हांला माहीत नाही.

नव्या करारातही तेच आहे. आपले पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवावे, असे पौल थेस्सलनीकाकरांना बजावतो. प्रकटीकरणाच्या आरंभी वाचून दाखवणारा एक आणि ऐकणारे अनेक, असा दोघांनाही आशीर्वाद आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील इथिओपियाचा अंमलदार शिकलेला, रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचणारा, पण एकट्याच्या वाचनाने त्याचे भागले नाही. फिलिपला रथात शेजारी बसावे लागले.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेचा आरंभही असाच झाला. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांनी धर्मगुरूंपाशी तक्रार केली होती की, आमची जुनी पुराणे गेली, तर त्यांच्या जागी ऐकायला दुसरे पुराण आम्हांला का मिळू नये? फादर स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच ही हकीकत दिली आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने त्या मागणीला दिलेले उत्तर म्हणजे १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण. दहा हजारांहून अधिक ओव्या, पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला होता. ती लिपी वाचणारे किती असणार? तरीही १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या, कारण तो देवळादेवळांतून रविवारी व सणांच्या दिवशी वाचला जाई आणि लोक तो ऐकत. पुढे १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. लोकांची भाषा उपासनेतून हद्दपार करू पाहणारे पूर्वीही होते. आज तसा हुकूम कोणी काढत नाही. तक्ता वाटून मोकळे झाले की तेच काम गाजावाजा न होता पार पडते.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. पहिला जुन्या पिढीचा. बायबलचे वाचन हे प्रोटेस्टंट बांधवांचे काम, आपल्याला मिस्सा आणि रोझरी पुरे, असे ही मंडळी म्हणतात. या समजुतीला इतिहास आहे. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथसूचीच्या नियमांनी लोकभाषेतील बायबल परवानगीवाचून वाचण्यास मनाई केली, आणि ती सैल झाल्यावरही धास्ती उरली. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी ‘देई व्हेर्बुम’ हा दस्तऐवज जाहीर केला. धर्मशास्त्राची वाट सर्व श्रद्धावंतांना खुली असली पाहिजे, असे त्यात स्पष्ट सांगितले. त्याला ६० वर्षे होऊन गेली. नवापूरच्या पट्ट्यात तर विसाव्या शतकाच्या आरंभीच स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक येऊन पोहोचले होते. घरोघर बसून वचन वाचण्याची त्यांच्या परंपरेतील शिस्त आपण उसनी घेतली तर आपले कॅथोलिकपण कमी होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, रविवारच्या मिस्सेत तीन वाचने होतातच, मग वेगळे कशाला? ही वाचने हा परिषदेनंतरच्या सुधारणेचा मोठा ठेवा आहे, हे आम्हीही मानतो. परंतु स्तोत्रे वगळता जुन्या कराराचा चार टक्क्यांइतकाही भाग तीन वर्षांच्या रविवारच्या चक्रात येत नाही, असे अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे. जे येते तेही तुकड्यातुकड्याने. आणि ते कसे वाचले जाते? मिस्सा सुरू होण्यापूर्वी कोणाच्या तरी हातात पुस्तक दिले जाते, नावे अडखळतात, ध्वनिक्षेपक घरघरतो, आणि शेवटच्या बाकावरची आजी वाचन संपल्याच्या घोषणेला सवयीने उत्तर देते. प्रभूचा शब्द ऐकू न येताच देवाला धन्यवाद दिला जातो.

तिसरा आक्षेप आजच्या पिढीचा. वाचता येत नसेल तर मोबाईलवर ऐकावे. ३६५ भागांत संपूर्ण बायबल ऐकवणारा फादर माइक श्मिट्झ यांचा इंग्रजी कार्यक्रम २०२१ साली अमेरिकेत अफाट लोकप्रिय झाला. लोकांना ऐकण्याची भूक आहे, हे त्यावरून सिद्धच झाले. पण कानात यंत्र घालून ऐकणारा माणूस एकटाच असतो. त्याला थांबवून ‘याचा अर्थ काय?’ असे विचारणारे शेजारी कोणी नसते आणि त्याला पडलेला प्रश्न इतरांपर्यंत पोहोचत नाही.

मग करावे काय? संपूर्ण बायबल एका वर्षात संपवण्याचा हट्ट आधी सोडावा. ख्रिस्तसभेने वर्षाचे पुस्तक आपल्याला ठरवूनच दिले आहे. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान उपवासकाळात व पुनरुत्थानकाळात. त्या त्या वर्षाचे शुभवर्तमान पाड्यापाड्यावर, अंगणात, आरंभापासून अखेरपर्यंत मोठ्याने वाचावे. मार्कचे १६ अध्याय सावकाश वाचले तरी दोन तासांत पुरे होतात. रात्ररात्र जागून कथा आणि गीते ऐकण्याची सवय असलेल्या समाजाला दोन तासांचे ओझे ते काय! एकाने मराठीत वाचावे, दुसऱ्याने लेवींप्रमाणे तेच मावचीत सांगावे, आणि मग ज्याला जे विचारायचे ते विचारू द्यावे. त्याच्या जोडीला जुन्या करारातील एखादे पुस्तक घ्यावे. या सगळ्याचा मोठा भाग पावसाळ्यात उरकावा, कारण तेव्हा माणसे गावात असतात. ऊसतोडीच्या महिन्यांत धर्मशिक्षकाने पुस्तक घेऊन पडावावर जावे. माणसे देवळात येऊ शकत नसतील तर वाचन त्यांच्याकडे गेले पाहिजे. यासाठी धर्मग्रामाने प्रवासखर्च द्यावा आणि वाचणाऱ्यांना नीट वाचायला शिकवावे. तक्ते छापण्यापेक्षा हा खर्च कितीतरी सार्थ ठरेल.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्या बहुतेक घरांतले मराठी बायबल ६६ पुस्तकांचे असते. तोबित, ज्युडिथ, मक्काबींची दोन पुस्तके, ज्ञानग्रंथ, बेनसिरा आणि बारूख ही सात पुस्तके त्यात नसतात, आणि नसल्याचे कित्येकांच्या ध्यानातही येत नाही. कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली प्रकाशित झाले, साहित्य अकादमीने त्याचा अनुवादासाठी गौरव केला. मराठी समाजाने ज्याचे कौतुक केले, ते पुस्तक आपल्या किती धर्मग्रामांत सर्वांच्या हाती लागेल अशा जागी ठेवले आहे?

आम्ही इतक्या आग्रहाने हे का मांडतो? प्रश्न केवळ वाचनाच्या पद्धतीचा नाही. जिथे शहरी वाचकाचा संकल्प मोडतो त्याच लेवीयच्या १९व्या अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नये आणि शेताच्या कडा गरिबांसाठी न कापता सोडाव्यात, असे नियम आहेत. कापणी करणाऱ्यांची बुडवलेली मजुरी देवाकडे ओरडते आहे, असे याकोब ५व्या अध्यायात सांगतो. राजाने नाबोथाची वडिलार्जित जमीन कशी बळकावली, ते राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात आहे. तक्त्यावर खूण करून पुढे जाणाऱ्याला हे अध्याय रुक्ष वाटतात. मुकादमाकडे महिनोन्‌महिने हिशेब अडकलेल्या, कागदाअभावी बापजाद्यांची जमीन गमावण्याची धास्ती असलेल्या माणसाने ते एकदा ऐकले, तर तो आपल्याला काय विचारील याची कल्पना करा. कदाचित त्या प्रश्नाची आपल्याला भीती वाटत असेल. सगळ्यांनी मिळून वाचले तर तो प्रश्न सगळ्यांचा होतो, आणि मग नहेम्याच्या काळाप्रमाणे वाचनानंतर वाटे पाठवावे लागतात.

येत्या आगमनकाळात तक्ता हाती येईल तेव्हा वाचकांनी एवढेच पाहावे : आपल्या धर्मग्रामातील ज्याला अक्षर येत नाही आणि जो या घडीला उसाच्या फडात आहे, त्याचे नाव या योजनेत कुठे आहे? ते नसेल तर योजना परत पाठवावी आणि धर्मग्राम परिषदेत नव्याने बसावे. मार्कचे शुभवर्तमान घेऊन पडावावर कोण जाणार, हा त्या बैठकीचा पहिला विषय असावा.