बक्षीस कसले?

दिवाळीच्या अंकात दिवाळ्याची गोष्ट सांगायला बसले, म्हणून वाचकांनी रागावू नये. फराळाचे ताट पुढ्यात असताना हा विषय नको, हे मलाही कळते. पण गेल्या श्रावणात एका विद्यार्थिनीची आई हातात नोटीस घेऊन माझ्या दारी आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. एवढे वाचून सांगा, माझे घर जाणार का?" तेव्हापासून हा कागद माझ्या डोक्यातून जात नाही.

नवऱ्याचे कापडाचे दुकान. सोळा वर्षांचा संसार. पटेना, तेव्हा दोघांनी संमतीने घटस्फोट घ्यायचे ठरवले. हिंदू विवाह कायद्यात ही सोय १९७६ पासून आहे. अर्ज केल्यावर निदान सहा महिने थांबायचे, मग हुकूमनामा. ठरले असे की, तिने पोटगी मागू नये आणि राहत्या दोन खोल्या तिच्या नावावर व्हाव्यात. मुलगी तिच्याकडे. व्यवहार सरळ होता. मात्र कागद करताना कोणीतरी शहाणपण सुचवले. महाराष्ट्रात राहते घर बायकोला बक्षीस दिले तर मुद्रांक अवघा दोनशे रुपये. आणि त्या सहा महिन्यांत ती कायद्याने बायकोच होती! तेव्हा बक्षीसपत्र झाले. त्यात ठरीव वाक्य पडले: नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता.

काडीमोड घेणाऱ्या नवऱ्याने प्रेमापोटी घर दिले! असला प्रसंग मी कादंबरीत घातला असता तर संपादकांनी हस्तलिखित परत पाठवले असते.

चौदा महिन्यांनी दुकान बुडाल्याचा अर्ज कोर्टात पडला आणि पुढे नवरा नादार ठरला. मुंबई शहराला १९०९ चा आणि बाकी मुलखाला १९२० चा नादारीचा कायदा. दोन्हींत कलम जवळजवळ एकच: नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदल्यावाचून दिलेली मिळकत परत ओढून घेणेकऱ्यांत वाटता येते. सिद्ध करण्याचा भार रिसीव्हरवर असतो, हे खरे. पण येथे त्याला सिद्ध करायचे उरले काय? तिचाच कागद त्याचा साक्षीदार!

त्या कलमात एक अपवाद आहे, तो वाचून मी थक्क झाले. लग्नाआधी, लग्नाच्या बदल्यात दिलेली मिळकत या कलमातून सुटते. म्हणजे बोहल्यावर चढण्यापूर्वी, एक पोळीही लाटली नसताना मिळालेले घर पक्के. आणि सोळा वर्षे दुकानातल्या नोकरांच्या डब्यांसह सगळे रांधून, दुपारी गल्ल्यावर बसून, शेवटी हक्काची पोटगी सोडून मिळालेले घर संशयास्पद! २०१६ च्या नव्या संहितेने हा विरोध मिटवला खरा, पण कसा? लग्नाच्या बदल्यात दिलेलेही बिनमोलाच्या देण्यात ढकलून. (व्यक्तींच्या दिवाळखोरीचा तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना.)

आता दुसरी बाजू. "बायकोच्या नावावर करून मोकळा झाला" हे वाक्य आपल्या बाजारपेठेत काही नवे नाही. लुटुपुटीचे घटस्फोट घेऊन एकाच ताटात जेवणारी जोडपीही असतील. आणि घेणेकरी म्हणजे नेहमी मिशांना पीळ देणारा सावकार नव्हे. याच दुकानात आमच्या शाळेच्या निवृत्त शिपायाने आपली पुंजी ठेवली होती. तो मला रस्त्यात भेटतो आणि मी मान खाली घालते. त्याचे पैसे बुडावेत असे मला वाटत नाही. पण ते तिच्या पोटगीतून का वसूल व्हावेत? घर घेतलेत, तर तिने सोडलेली पोटगी तिला परत कोण देणार? तो नादार?

ज्या इंग्रजांच्या अमलात आपले हे कायदे झाले, त्यांच्याकडे काय झाले पाहा. त्यांच्या १९८६ च्या कायद्यात हात पाच वर्षे मागे पोचतो आणि पूर्वीची बायकोही निकटच्यांत मोजली जाते. म्हणजे आपल्याहून कडक. तरीही २००७ साली तिथल्या अपील कोर्टाने ठरवले की, घटस्फोटात कोर्टाच्या हुकुमाने बायकोला मिळालेले घर हे फुकटचे देणे नव्हे. कोर्टाकडे मागण्याचा तिचा हक्क हीच एक मौल्यवान वस्तू. घराच्या बदल्यात ती तो खर्ची घालते. नवराबायकोने संगनमत केले असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे एवढे तरी का असू नये? नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा वाटा आपला कायदा मानीतच नाही. तिच्या हाती पोटगीचा हक्क तेवढा. तो सोडला की मोबदला दिला, असे कायद्यात स्वच्छ लिहा. लबाडी असेल तर रिसीव्हरने ती खुशाल शाबीत करावी. विम्याच्या बाबतीत कायदा असाच उदार आहे. विवाहित स्त्रियांच्या मिळकतीच्या १८७४ च्या कायद्याखाली नवऱ्याने बायकोसाठी उतरलेल्या विम्याला घेणेकरी हात लावू शकत नाहीत, फसवणुकीचा हेतू दिसला तरच. १९२३ पासून ही सोय हिंदूंनाही आहे. कागदाच्या पॉलिसीवर जो विश्वास, तो दोन खोल्यांवर का नाही?

आणि वकीलसाहेब, दोनशे रुपयांच्या मुद्रांकासाठी अशा घराला बक्षीस म्हणू नका. पोटगीच्या बदल्यात घर, असे तडजोडीच्या अटींत शब्दांनी लिहा, हुकूमनाम्यात येऊ द्या, मुद्रांक पडेल तो भरा.

तिच्या अटींच्या कागदात, चौथ्या पानावर, एक ओळ सापडली आहे: "घर मिळाल्याने पोटगीबाबत तक्रार राहिली नाही." तेवढ्या ओळीवर वकिलांनी उत्तर तयार केले आहे. तारीख मार्गशीर्षात आहे. ओळीखाली दोघांच्या सह्या आहेत, त्या मी चष्मा लावून दोनदा पाहिल्या.