मागणीबरहुकूम विद्या?

संपादक महाशयांस,


उद्योग आणि विद्यापीठे यांची भागीदारी ही कालपरवाची उपज आहे असे गृहीत धरून, अभ्यासक्रम कारखानदारांच्या मागणीबरहुकूम आखावेत असा जो आग्रह गतांकातील पत्रलेखकांनी धरला आहे, तो इतिहासास आणि व्यवहारास, दोहोंसही धरून नाही. १८८७ साली मुंबईत निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमागे गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांचे औदार्य होते. आणि १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग उघडला, तेव्हा त्यात कापड-रसायनाला स्थान होते. गिरण्यांचे भोंगे थांबले तरी तो विभाग टिकला, याचे कारण, माझ्या मते, तेथे रंगविण्याच्या कृतीबरोबर रंगाचे रसायनही शिकविले गेले, हेच होय.

उलट, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये घेतलेली मुले माझ्या पाहण्यातील एका कारखान्यात लेथपाशी उभी राहण्याऐवजी गोदामातील बारदानाची मोजदाद करीत नि हजेरीपट लिहीत बसलेली असत. विद्यावेतनाची रक्कम मात्र ‘प्रशिक्षण’ या सदराखाली बिनबोभाट खर्ची पडे.

सबब, यंत्रावरील तासांची आणि शिकविणाऱ्या कारागिराच्या नावाची नोंद शिकाऊ उमेदवारांच्या करारनाम्यात सक्तीची करावी, व तिची तपासणी अध्यापकांनी समक्ष कारखान्यात जाऊन करावी, ही सूचना पत्रलेखकांनी विचारात घ्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त अध्यापक