आकृतीवांचून गतिशास्त्र

गणित घेऊन पदवीपरीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांची एक तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. न्यूटनचे नियम शिकून झाल्यावर लाग्रांजची निराळी पद्धति कशासाठीं ? उत्तर एकच यावयाचें, तर वाटा दोन कशाला ? प्रश्न वावगा नाहीं. म्हणून त्याचा विचार करूं.

न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ सालीं निघाला. त्यांतील सिद्धता बहुतांशीं भूमितीच्या आकृतींवर उभ्या आहेत. पुढें १७८८ सालीं, मूळचे तुरीनचे गणिती जोझेफ लुई लाग्रांज यांचा गतिशास्त्रावरील ग्रंथ पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. ह्या ग्रंथांत एकहि आकृति सांपडणार नाहीं, असें त्यांनीं आरंभींच बजावून ठेविलें.

दोरीस टांगलेला लंबक घ्या. न्यूटनच्या रीतीनें गुरुत्वाकर्षण व दोरीचा ताण हीं दोन्ही बलें मांडावीं लागतात. लाग्रांज मात्र आधीं विचारतात : लंबक कोठें आहे हें सांगण्यास किती संख्या लागतात ? दोरीची लांबी कायम, झोका एकाच पातळींत. तेव्हां एक कोन पुरे. त्या कोनाच्या भाषेंत गतिज ऊर्जा लिहावी, तींतून स्थितिज ऊर्जा वजा करावी आणि त्या वजाबाकीवर ठराविक क्रिया करावी, कीं समीकरण हातीं येतें. ताण हा गतीशीं सदैव काटकोनांत असल्यामुळें कार्य करीत नाहीं. म्हणून त्याचें नांवहि घ्यावें लागत नाहीं. लहान झोक्यांसाठीं निष्कर्ष असा कीं, १ मीटर लांबीच्या लंबकास एका पूर्ण आंदोलनास सुमारें २ सेकंद लागतात, मग गोळा जड असो वा हलका.

एका लंबकानें हें लाघव फारसें जाणवत नाहीं. त्याच्याखालीं दुसरा टांगला, म्हणजे न्यूटनच्या रीतींत दोन अज्ञात ताण येतात. लाग्रांजच्या रीतींत दोन कोन, दोन समीकरणें, क्रिया तीच. आणखी एक लाभ आहे. सूर्याभोंवतीं फिरणाऱ्या ग्रहाच्या बाबतींत त्या वजाबाकींत दिशेचा कोन स्वतः येतच नाहीं, केवळ त्याचा वेग येतो. एवढ्यावरूनच कोनीय संवेग कायम राहतो हें ठरतें, आणि सारख्या वेळांत सारखें क्षेत्रफळ हा केपलरचा नियम निघतो. ह्या विचाराचा व्यापक सिद्धांत एमी नोटर यांनीं १९१८ सालीं प्रसिद्ध केला.

मग न्यूटनची वाट सोडावी काय ? मुळींच नाहीं. दोरी टिकेल कीं तुटेल हें विचारावयाचें असेल, तर ताणच हवा. तेथें न्यूटनची रीत सरळ उत्तर देते. दोन वाटा आहेत त्या दोन प्रश्नांसाठीं. कोणता प्रश्न विचारावयाचा आणि कोणता कोन निवडावयाचा, हें समीकरण सांगत नाहीं. तें विद्यार्थ्यानेंच ठरवावयाचें असतें. पुष्कळांचें सूत्र पाठ असतें, वृत्ति मात्र कोरी ! म्हणून आमचें सांगणें एवढेंच : लाग्रांजच्या ग्रंथांत आकृति नसली, तरी आपल्या वहींत ती आधीं काढावी.