पाण्यामागे गेलेली माणसे

नंदुरबारच्या माणसाला रेल्वेच्या जवळच्या वाटेने आपल्या राज्याच्या राजधानीत जायचे असेल, तर आधी गुजरातेत जावे लागते. गाडी नवापूरला सीमा ओलांडते, व्यारा, बारडोली करत उधन्याला पोहोचते आणि तिथून दक्षिणेला वळून मुंबई गाठते. तापी खोऱ्यातली ही रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि खानदेशचा कापूस तिच्यावरून पश्चिमेला जाऊ लागला. तेव्हा सीमा नव्हती. आज नवापूर स्थानकाच्या फलाटातूनच दोन राज्यांची हद्द जाते. नंदुरबारहून सुरत रेल्वेने पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे, मुंबई त्याच्या दुपटीहून दूर. धुळे आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांतला गरीब माणूस कामाला निघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पुणे किंवा नाशिकच्या आधी सुरत येते. राज्याचा नकाशा काहीही सांगत असला, तरी या भागाचे महानगर सुरत आहे, आणि महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही सरकारांनी हे उघडपणे मान्य करून त्यातून येणारी जबाबदारी वाटून घेतली पाहिजे. तसे न केल्याची किंमत सीमेच्या अलीकडे-पलीकडे राबणारी सर्वांत दुबळी माणसे मोजत आहेत.

मानवी भूगोलात प्रदेशाकडे दोन तऱ्हांनी पाहतात. एक प्रदेश सीमारेषेने ठरतो: राज्य, जिल्हा, मतदारसंघ. दुसरा ठरतो व्यवहाराने: माल कुठे विकला जातो, मजूर कुठे जातो, पाणी कुठून कुठे वाहते. तापीचे खोरे या दुसऱ्या अर्थाने एकसंध प्रदेश आहे. नदी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर पाणलोट क्षेत्रापैकी जवळपास ८० टक्के महाराष्ट्रात आहे. गुजरातच्या वाट्याला चार हजार चौरस किलोमीटरही येत नाही. तरीही या पाण्यावर उभी राहिलेली सर्वांत श्रीमंत शेती आणि सर्वांत मोठे शहर त्या छोट्या तुकड्यात आहे. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाली ती वरच्या खोऱ्यातल्या पावसाने आणि उकाई धरणातून सोडाव्या लागलेल्या पाण्याने. पुराला दोन राज्ये दिसत नाहीत.

उकाईची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण आजच्या स्थलांतराचे मूळ तिथे आहे. १ मे १९६० ला द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी भाषेच्या तत्त्वावर झाली असे आपण शिकतो आणि ते मुख्यतः खरेच आहे. पण त्या वेळच्या कायद्याने पश्चिम खानदेशातली १५६ गावे गुजरातला दिली: अक्कलकुव्यातली ४३, नवापूर आणि तळोद्यातली प्रत्येकी ३८, नंदुरबारमधली ३७. त्यामागे उकाईच्या जलाशयाचा विचार होता. म्हणजे जिथे पाण्याची गरज उभी राहिली तिथे भाषेचे तत्त्व बाजूला ठेवता आले. काकरापारचा बंधारा १९५० च्या दशकात झाला होता, उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले, आणि त्यांच्या कालव्यांनी दक्षिण गुजरातची शेती बदलून गेली. ज्वारी-कापसाच्या जागी ऊस आला. बारडोली, मढी, चलथाण, सायण, गणदेवी, महुवा इथे सहकारी साखर कारखाने फोफावले. १९२८ च्या सत्याग्रहात सारावाढीविरुद्ध उभा राहिलेला बारडोलीचा शेतकरी दोन पिढ्यांत बागायतदार झाला. त्याच्या उसाला तोडणीला माणसे हवी होती, आणि ती खानदेशच्या आदिवासी पट्ट्यातून आली. पाणी आधी गेले, माणसे त्याच्या मागून गेली.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की मजूर जिथे कमी तिथे जातो, हा साधा बाजाराचा नियम आहे. नेदरलँडचे समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातच्या गावांत राहून जे नोंदवले ते या आक्षेपाला सरळ छेद देते. त्या गावांत हळपती समाजाचे भूमिहीन मजूर मोठ्या संख्येने होते आणि त्यांना काम हवे होते. तरीही कारखान्यांनी तोडणीसाठी दूरवरून टोळ्या आणल्या. गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो, आजारी पडला तर थांबतो, मजुरीवरून वाद झाला तर त्याच्या मागे त्याची वस्ती उभी राहते. बाहेरून आलेला मजूर रात्रीच्या कोणत्याही प्रहरी गाडी भरायला उभा राहतो, कारण त्याला जायला दुसरी जागा नाही. सीमा ओलांडल्यामुळेच तो स्वस्त आणि निमूट होतो. या बाजारात राज्याची सीमा हा अडथळा नसून मजुरी खाली ठेवण्याचे साधन आहे.

तोडणीची व्यवस्था महाराष्ट्रातल्या कोणालाही ओळखीची वाटेल. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात हातात पैसा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो आणि हंगामात ती मजुरीतून व्याजासकट कापून घेतो. दिवाळीनंतर टोळ्या निघतात, उन्हाळ्यात परततात. मधल्या काळात घर म्हणजे शेतालगतच्या पडावावरची प्लास्टिकची झोपडी. गुजरातेत तोडणीचा किमान दर बराच काळ टनाला २३८ रुपये होता. २०२२-२३ च्या हंगामात सरकारने तो दुप्पट करून ४७६ केला. त्यासाठी तिथल्या मजूर संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. मात्र सरकारी दर आणि हातात पडणारी रक्कम यांच्यामध्ये मुकादम उभा असतो, आणि त्याचा हिशेब तपासणारा अधिकारी कोणत्या राज्याचा असावा हेच ठरलेले नाही. उचल नंदुरबार जिल्ह्यात दिली जाते, काम सुरत जिल्ह्यात होते, हिशेब परत गावी होतो. महाराष्ट्राने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ काढले, त्याचा निधी राज्यातल्या कारखान्यांच्या गाळपावरील आकारणीशी जोडलेला आहे. अक्कलकुव्याच्या जोडप्याने तोडलेला ऊस बारडोलीत गाळला गेला, तर त्यांच्या घामाचा एक रुपयाही या निधीत येत नाही. निधी उसाच्या पत्त्यावर जातो, मजुराच्या नाही.

याउलट भांडवलाला ही सीमा किती सोयीची आहे, ते नवापूरलाच दिसते. महाराष्ट्राने वस्त्रोद्योगाला वीजदरात आणि अनुदानात सवलती दिल्या, तेव्हा सुरतेच्या व्यावसायिकांनी नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमाग आणले. बाजार सुरतेच्या रिंग रोडवर, कारखाना सीमेच्या अलीकडे. यात गैर काही नाही. उद्योजकाने सवलत बघून जागा निवडणे हा त्याचा हक्क आहे आणि नवापूरला त्यातून रोजगार मिळाला. पण मालकाला दोन्ही राज्यांच्या धोरणांतून हवे ते उचलता येते आणि मजूर मात्र दोन्हीकडून गळतो, ही असमानता नैसर्गिक नाही. ती धोरणांनी घडवलेली आहे आणि धोरणांनीच दुरुस्त होऊ शकते.

सुरतेतल्या मराठी माणसाने काही मिळवलेच नाही, असे कोणी म्हणू नये. अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी १९५७ मध्ये मांडले होते की वाढणारे केंद्र आसपासच्या प्रदेशातली माणसे आणि पैसा ओढून घेते, पण काही लाभ परतही पाठवते. सुरतेने लाभ परत पाठवला आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली. अहिराणी तिथल्या गल्ल्यांत सहज ऐकू येते. महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठीसह सात माध्यमांत प्राथमिक शाळा चालवते. ही उदारता आपल्याकडच्या किती महापालिका दाखवतात, याचा विचार व्हावा. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत, गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले, आणि जून २०२४ पासून देशाचे जलशक्ती मंत्री आहेत. लिंबायत विधानसभा मतदारसंघातून २०१२ पासून संगीता पाटील निवडून येत आहेत. २००८ च्या पुनर्रचनेत लिंबायत आणि उधना हे मतदारसंघ सुरत लोकसभेत न जाता नवसारीत गेले, आणि वस्त्यांची रेषा कुठे ओढली जाते यावर राजकीय वजन कसे अवलंबून असते, ते तिथे स्पष्ट दिसले.

पण हे यश ज्यांचे आहे ते लोक शहरात राहायला गेले, मतदार झाले, मुले तिथल्या शाळेत घातली. यंत्रमागावर किंवा बांधकामावर लागलेल्या माणसाला दहा-वीस वर्षांत हे साधते. कोयत्यावर जाणाऱ्या भिल्ल, मावची, कोकणी किंवा पावरा कुटुंबाला ते कधीच साधत नाही, कारण त्याचे स्थलांतर दरवर्षी नव्याने सुरू होते आणि दरवर्षी शून्यावर संपते. नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ७० टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, आणि मानव विकासाच्या क्रमवारीत तो राज्यात तळाशी राहिला आहे. सुरतेतल्या मराठी खासदार-आमदारांकडे बोट दाखवून या कुटुंबांचा प्रश्न सुटला असे मानणे म्हणजे एकाच भाषेच्या दोन वर्गांना एक समजणे होय.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. तो असा की स्थलांतर सुसह्य करण्यापेक्षा खानदेशातच शेतीला पाणी द्या, म्हणजे कोणी जाणारच नाही. यातले पहिले वाक्य पूर्ण मान्य. तापीच्या पाण्यातला महाराष्ट्राचा वाटा १९१.४० अब्ज घनफूट ठरलेला आहे आणि तो आपण पूर्ण वापरू शकलेलो नाही. सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज उभे राहिले, पाणी अडले, पण त्यांच्या काठच्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षे बंद पडून राहिल्या. अमळनेरचा पाडळसे प्रकल्प १९९० च्या दशकापासून रखडला. वैधानिक विकास मंडळे झाली तेव्हा खानदेश ‘उर्वरित महाराष्ट्रा’त टाकला गेला, पश्चिम महाराष्ट्राच्या बागायती जिल्ह्यांच्या रांगेत, आणि सरासरीत त्याचा अनुशेष झाकला गेला. एप्रिल २०२० मध्ये त्या मंडळांची मुदतही संपली. हा सारा दोष महाराष्ट्राचा आहे, गुजरातचा नाही. पण ‘कोणी जाणारच नाही’ हे दुसरे वाक्य अनुभवाला धरून नाही. माणसे बहुधा जवळच्या केंद्राकडे, टप्प्याटप्प्याने सरकतात, हे भूगोलतज्ज्ञ रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्येच इंग्लंडच्या जनगणनेवरून दाखवले होते. शिवाय सातपुड्याच्या उतारावरच्या डोंगरी शेतीला बॅरेजचे पाणी चढवणे सोपे नाही. सिंचन झाले तरी सुरत राहणार आणि सुरतेकडे जाणारी वाटही राहणार. म्हणून दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील.

मराठी अस्मितेच्या बाजूनेही शंका येईल, की सुरतेला खानदेशचे महानगर म्हणणे म्हणजे भाषावार राज्याच्या पायावरच घाव घालणे नाही का? भाषावार राज्य योग्यच होते. सामान्य माणसाला आपल्या भाषेत कारभार मिळावा, यासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांचे ऋण मोठे आहे. पण भाषेची सीमा कारभारासाठी आखली होती, पाणी आणि मजुरी यांचे उत्तर तिच्याकडून कोणी मागितलेच नव्हते. ते उत्तर आज द्यायचे आहे, आणि त्यासाठी सीमा हलवण्याची गरज नाही.

ते देता येते याचा पुरावाही आहे. एका राज्याचे रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याचा देशातला पहिला प्रयोग ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या दोन जोड्यांत झाला, त्यांतली एक महाराष्ट्र-गुजरात होती. धान्याचा हक्क सीमा ओलांडू शकतो, तर मजुरीचा, शाळेचा आणि मताचा का नाही? मजुरीसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. तो पाच मजूर आणणाऱ्या कंत्राटदारालाही लागू होत असे, २०२० च्या कामगार संहितेत ती मर्यादा दहावर गेली आणि छोट्या मुकादमाला पळवाट मिळाली. मताचे तर नावच नको. महाराष्ट्राची मागची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबर २०२४ ला झाली, टोळ्या निघण्याच्या ऐन दिवसांत. दूरस्थ मतदान यंत्राचा निवडणूक आयोगाचा प्रयोग जानेवारी २०२३ मध्ये पक्षांच्या विरोधाने अडला. यासाठी नवे मंडळ काढण्याची सूचना मी करणार नाही, मंडळांचे काय होते ते खानदेशने पाहिले आहे. पश्चिम क्षेत्रीय परिषद १९५६ च्या कायद्याने अस्तित्वात आहे आणि दोन्ही राज्ये तिची सदस्य आहेत. तिच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी मांडाव्यात: मुकादमाची दोन्ही राज्यांत एकच नोंदणी आणि उचलीचा लेखी हिशेब, तोडणीच्या टनामागे दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडूनही कल्याण निधीची आकारणी, जी मजुराच्या जिल्ह्यात खर्च व्हावी, आणि पडावांवर हंगामी मराठी वर्ग, ज्यांचे शिक्षक नंदुरबार जिल्हा परिषदेने द्यावेत आणि जागा गुजरातने.

यांतले काहीही होण्याआधी एक तारीख येते आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे आणि प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारीत होईल, म्हणजे पडाव भरलेले असताना. जनगणनेच्या नियमाप्रमाणे गणनेच्या पूर्ण काळात जो आपल्या घरी नसतो, तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. धडगाव-अक्कलकुव्यातले कुटुंब गावी नसेल आणि उसाच्या फडात प्रगणक पोहोचला नाही, तर ते कुठेच मोजले जाणार नाही. त्या आकड्यांवर पुढची मतदारसंघ पुनर्रचना होईल, आदिवासींसाठी राखीव जागा ठरतील, आणि आज नंदुरबार जिल्ह्याच्या चारही विधानसभा जागा राखीव आहेत. सुरत, तापी आणि नवसारीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पडावांच्या याद्या कारखान्यांकडून जानेवारीतच मागवून घ्याव्यात आणि त्या नंदुरबार-धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवाव्यात. कारखान्यांकडे टोळ्यांची नोंद असते, कारण तोडणीचे पैसे त्याच नोंदीवर मुकादमाला दिले जातात.